वरच्या खोलीची किंमत

घर विकायला निघालंय हे वहिनीला घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाकडून कळलं.

सुट्टीचा दिवस होता. केस धुऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती वरच्या खोलीतून खाली येत होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात एक एजंट आणि त्याच्या मागे एक तरुण जोडपं. "मालकांशी बोलणं झालंय," असं म्हणत एजंटनं पाय आत टाकलासुद्धा. वहिनी गोंधळली, पण दारात आलेल्या माणसाला परत पाठवणं तिला आयुष्यात कधी जमलेलं नाही. तिनं त्यांना घर दाखवलं. नुसतं दाखवलं नाही, तर स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला ओल येते, वरच्या न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो, हेही सांगितलं. एजंट बिचारा मागून डोळ्यांनी खुणा करत राहिला. निघताना त्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, "काकू, तुम्ही कधीपर्यंत सोडाल जागा?"

"बघू," वहिनी म्हणाली. दार लावलं आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली. केस वाळेपर्यंत बसले होते, असं तिनं मला सांगितलं.

आम्ही दोघी दातांच्या लॅबमध्ये कामाला. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन पाठवतात, आम्ही त्यावरून दात बनवतो. माझ्याकडे दातांवर बसवायच्या टोप्या आणि पडलेल्या दातांची जागा भरणारे पूल, तिच्याकडे कवळ्या. तिचं टेबल खिडकीशी, माझं तिच्या शेजारी. गुलाबी मेणात एकेक दात बसवत ती बोलत असते आणि मी पॉलिशच्या मशीनच्या आवाजातून अर्धं ऐकत, अर्धं ओठांवरून समजून घेत असते. तिची नणंद पूर्वी लॅबच्या फोनवर फोन करायची, "वहिनी आहेत का?" तेव्हापासून ती आमच्या सगळ्यांची वहिनी झाली. मालक तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, तेही वहिनीच म्हणतात.

गंमत अशी, की ती ज्याच्यामुळे वहिनी झाली, तो नवरा तिला सोडून गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा पंचविशीची होती. सासऱ्यांनी पोस्टातल्या नोकरीवर बांधलेलं छोटं घर, खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली. वरच्या खोलीत हे दोघं. नवरा औषधाच्या कंपनीत फिरतीवर असायचा. बोलका, हसरा, घरात असला की घर भरल्यासारखं वाटावं असा. दहा वर्षं संसार झाला. मूल झालं नाही. मग फिरतीच्या गावी त्याचं दुसरीकडे जुळलं. आरडाओरडा झाला, रडारड झाली, आणि शेवटी दोघांनी मिळून कोर्टात सह्या केल्या. तिनं तेव्हा काही मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही, असं ती म्हणते.

सह्या करून आली त्या दिवशी तिनं बॅग भरायला घेतली. सासूबाई जिना चढून वर आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी वर यायच्या नाहीत.

"काय चाललंय?"

"निघते मी."

"कुठे?"

आईवडील गेलेले, भावाच्या घरात भावाचीच माणसं मावत नव्हती.

"तो गेला म्हणून तू कशाला जातेस?" सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "दोघंही गेलात तर मी भांडू कोणाशी?"

आणि त्या खरंच भांडल्या. पुढची सगळी वर्षं दोघी तशाच राहिल्या. हिला पंखा लागायचा, त्यांना पंखा लागायचा नाही. त्यांना टीव्ही मोठ्यानं, हिला हळू. हिच्या हातचं सगळं अळणी, त्यांच्या हातचं सगळं खारट. सासूबाईंच्या तोंडातली कवळीही वहिनीनंच बनवलेली. "तुझ्या ह्या दातांनी मला धड बोलताच येत नाही," असं त्या खणखणीत आवाजात गल्लीला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं सांगायच्या. वहिनी लॅबमध्ये येऊन म्हणायची, "ज्या दातांनी मला खायला उठतात ते दात मीच बसवून दिलेत. सांगणार कोणाला?"

पण वरचे पत्रे गळायला लागले तेव्हा ते हिनं पगारातून बदलले. वीजबिल, नळपट्टी, खालच्या दाराची कडी, सगळं हळूहळू हिच्याकडे आलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मुलगा दवाखान्याचा खर्च पाठवायचा, तेही मोकळ्या हातानं. मुलगी सुट्टी काढून यायची. उरलेले दिवस वहिनीचे. मालकांना सांगून ती दुपारी घरी जायची आणि संध्याकाळी येऊन राहिलेलं काम उरकायची.

आणि घर? सासूबाईंनी ते घर एकूण तीन जणांना तोंडी देऊन टाकलं होतं. वहिनीला म्हणायच्या, "हे घर तुझंच आहे." मुलगी आली की, "तुझ्याशिवाय ह्या घराला आहे कोण?" आणि फोनवर मुलाला, "अरे, शेवटी सगळं तुझंच." तिघांनाही त्या मनापासून सांगत होत्या, हे मला आता कळतं. कागदावर मात्र कोणालाच काही नव्हतं. त्या गेल्या तेव्हा कायद्यानं घर मुलगा आणि मुलगी यांचं झालं, निम्मं-निम्मं.

त्याला जेमतेम वर्ष होत होतं, तोवर हे एजंटचं प्रकरण.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं लॅबमधूनच नणंदेला फोन लावला. नणंदेला घरात सगळे बेबी म्हणतात. ती शाळेत शिकवते, पंचेचाळिशी ओलांडलेली, मुलांना तिच्या नुसत्या चष्म्याची भीती वाटते, पण घरी बेबीच.

"अगं बेबी, घर विकताय तुम्ही?"

"दादानं तुम्हाला सांगितलं नाही?" बेबी म्हणाली. दादा म्हणजे तिचा भाऊ, वहिनीचा पूर्वीचा नवरा.

"नाही."

"तो म्हणाला, तू सांग. मी म्हटलं, तूच सांग."

"म्हणून मग एजंटनं सांगितलं," वहिनी म्हणाली.

बेबी रडायला लागली. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, मुलाच्या शिक्षणाचा खर्च डोक्यावर, दादाचंही कर्ज होतं. घर विकण्यावाचून दोघांनाही मार्ग नव्हता. "वहिनी, मी माझ्या वाट्यातून तुम्हाला देईन. दादाला कळायचीही गरज नाही."

वहिनीनं फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघितलं. हातातला मेणाचा जबडा तसाच हातात.

"नको म्हटलं मी तिला," ती म्हणाली.

"का? देतेय ना ती?"

"तिचं घेऊन काय करू? तिचीच ओढाताण आहे. आणि गुपचूप का म्हणून? मी काय चोरी केलीय? घराचे पैसे आले की त्यातून आधी माझं बाजूला निघायला पाहिजे. मग त्यांनी वाटून घ्यावं."

"तुझं म्हणजे किती?"

"तिघं होतो आम्ही सासूबाईंना," ती म्हणाली. "तिसरा हिस्सा."

मी तिला वीस वर्षं ओळखते. तिनं कधी पगारवाढही मागितली नव्हती. मालक स्वतःहून देतील तेवढी घ्यायची. म्हणून मला जरा धक्काच बसला, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

ती वकिलाकडे गेली. मी बरोबर होते. वकीलबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सासूबाई असताना तुमचं लग्न मोडलेलं होतं. तुम्ही वारस नाही. पत्र्यांच्या पावत्या आहेत का?"

"पावत्या कोण ठेवतं घरच्या घरी?"

"मग कोर्टात फार काही हाती लागणार नाही. पण तुम्ही तिथे राहताय. रिकामी जागा दिल्याशिवाय त्यांना चांगला भाव येणार नाही. एवढंच तुमच्या हातात आहे."

लॅबमध्ये ही बातमी पोचल्यावर सगळेच वकील झाले. "हलू नका वहिनी." "कुलूप बदला." मालकही चष्मा वर करून म्हणाले, "ताबा म्हणजे ताबा." तिला हे सगळं आवडत नव्हतं. पण त्या आठवड्यात तो एजंट ती घरी नसताना दादाकडच्या किल्लीनं दार उघडून दुसरं गिऱ्हाईक घेऊन आला, आणि संध्याकाळी तिला आपल्या अंथरुणाची घडी विस्कटलेली दिसली. दुसऱ्या दिवशी तिनं कुलूप बदललं. माझ्यासमोर नवी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मला माझीच लाज वाटतेय." किल्ली मात्र परत पर्समध्ये टाकली.

मग पुढच्या सुट्टीला दोघं भावंडं आली. हा सगळा प्रसंग मला आधी वहिनीनं सांगितला, नंतर कधीतरी बेबीनंही सांगितला, आणि दोघींचं सांगणं एकमेकींशी जुळलं.

दादाची किल्ली कुलपात फिरेना. त्याला आपल्याच घराची बेल वाजवावी लागली. आत आला तो तोंड आंबट करूनच, आणि दाराशेजारच्या खुर्चीत बसला. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. वहिनीनं त्याला कित्येक वर्षांत असं समोर बसून बघितलं नव्हतं. सासूबाई गेल्या त्या दिवशी गर्दीत काय दिसला असेल तेवढाच. बेबीनं चहा ठेवला.

"कुलूप तू बदललंस?" दादानं विचारलं.

"हो. तुमचा एजंट मी नसताना आत शिरला होता."

"घर विकायचं तर दाखवायला नको?"

"मला विचारून दाखवा. मी स्वतः दाखवते."

"हो, ओल आलेली भिंत दाखवतेस! पहिलं गिऱ्हाईक अजून फिरकलं नाही त्यानं."

"ओल आहे तर आहे म्हणणार."

बेबी चहा घेऊन आली आणि मध्ये बसली. "वहिनी, तुमचं काय म्हणणं आहे ते दादासमोर सांगा."

वहिनीनं सांगितलं. तिसरा हिस्सा, आणि तो वाटण्या होण्याआधी बाजूला काढायचा. एवढं वाक्य तिनं घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

दादा तिच्याकडे बघतच राहिला. "कुठल्या नात्यानं?"

बेबी म्हणाली, "दादा, असं काय बोलतोस?"

"नाही, सांगू दे ना तिला. बिलं भरली, मान्य. आईचं केलं, मान्य. त्याचे पैसे सांग, मी देतो. पण हिस्सा? तेरा वर्षं फुकट राहिलीस त्याचं भाडं मी मागितलं का?"

"फुकट?" वहिनीचा आवाज चढला. "रात्रंदिवस तुमच्या आईला बघितलं ते फुकट? अंघोळ घालायला कोण होतं? तुम्ही वर्षातून चारदा पाहुण्यासारखे यायचात, दोन तास बसून—"

"पाहुण्यासारखाच यायचो!" दादा एवढ्या मोठ्यानं म्हणाला, की बेबीच्या हातून बशी सटकली. "दुसरं कसं येणार होतो? तू वर होतीस ना! आपल्या आईला भेटायचं तर आधी फोन करून विचारायचं, ती कामावर कधी जाते म्हणून. मग त्या वेळेला यायचं. ह्या खुर्चीत बसायचं. पाणी प्यायला आत जाताना आईला विचारायचो मी, जाऊ का म्हणून. बायकोला एकदा आणता आलं नाही. माझ्या पोरीनं आजीचं घर गाडीच्या काचेतून बघितलंय. गुडघे दुखत असताना आई चालत कोपऱ्यापर्यंत यायची नातीला बघायला. तुझ्या लक्षात तरी आलं का कधी?"

वहिनीच्या लक्षात आलेलं नव्हतं. सासूबाई दुपारच्या कोपऱ्यावर जाऊन येतात, पाय मोकळे होतात, एवढंच तिला माहीत होतं. त्या कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. रोज मीठ, पंखा, टीव्ही ह्यांवरून भांडणाऱ्या बाईनं ही एवढी मोठी गोष्ट भांडणात एकदाही काढली नाही.

"आईला म्हटलं होतं मी, तिला दुसरीकडे खोली बघून देऊ, भाडं मी भरतो," दादा खालच्या आवाजात म्हणाला. "आई म्हणाली, ती कुठे जाईल. म्हटलं, आणि मी? तर म्हणाली, तुला तुझं घर आहे की."

बेबी बशीचे तुकडे गोळा करत होती.

"मला हे माहीत नव्हतं," वहिनी शेवटी म्हणाली. "माहीत असतं तर निदान सुट्टीच्या दिवशी मी बाहेर गेले असते. तुम्ही सगळे आला असतात."

दादानं मान हलवली. डोळे पुसले का, ते दोघींपैकी कोणीच मला नीट सांगितलं नाही.

"वाईट वाटलं मला, खरंच," वहिनी म्हणाली. मग पदर सारखा केला. "पण तरीसुद्धा मला हिस्सा पाहिजे."

बेबीला एकदम हसू फुटलं. रडता रडता हसू, आवरेचना. दादा हसला नाही, पण खुर्चीत मागे टेकला. बराच वेळ टोकावर बसला होता.

"तिसरा मला परवडत नाही," तो म्हणाला. आता तो भांडत नव्हता, नुसता सांगत होता. "कर्ज फिटणार नाही. बेबीचंही भागणार नाही."

"मग तुम्ही सांगा."

त्यानं छताकडे बघितलं. "वरची खोली तुझी. खालचं आमचं. वरच्या खोलीची जी किंमत होईल ती आधी तुझी, मग आम्ही वाटून घेतो. ती खोली मी तुला ठेवून गेलो होतो असं धर."

"ठेवून नाही, सोडून," वहिनी म्हणाली.

"बरं बाई, सोडून."

मग मोजमाप काढायची वेळ आली. बेबी शाळेतली असल्यामुळे गणित तिच्याकडे. वरची खोली आणि न्हाणीघर मिळून घराचा पाचवा हिस्साही भरेना. बेबीनं पेन्सिल कानामागे लावली आणि म्हणाली, "जिना राहिला."

"जिन्याचं काय?" दादा म्हणाला.

"वर जायला जिना लागतो की नाही? वहिनी काय उडत जायच्या?"

"जिना खालून सुरू होतो!"

"आणि वर संपतो."

जिन्यावरून बहीणभावाची चांगली अर्धा तास जुंपली. शेवटी अर्धा जिना वहिनीच्या नावावर लागला. त्या अर्ध्या जिन्यानं हिस्सा बरोबर पाचवा झाला. वहिनी सांगते, त्या अर्ध्या तासात ते तिघं पुन्हा एका घरातली माणसं वाटत होते.

वकीलबाईंकडे सह्या करताना एक अडचण आली. ती वारस नाही, म्हणून कागदावर हिस्सा असा शब्द लिहिता येईना. "घराच्या दुरुस्ती आणि देखभालीपोटी" असं लिहिलं. वहिनीनं ते वाचलं, थोडी घुटमळली. मग म्हणाली, "काय लिहायचं ते लिहा, पण वजा आधी करा." तिनं सही केली. दादानं केली. बेबीनं केली.

घर त्या पहिल्या जोडप्यानंच घेतलं. ओलीची भिंत आधीच सांगणाऱ्या घरात आणखी काही लपवलेलं नसणार, असं त्या मुलीचं म्हणणं पडलं. सामान हलवायच्या दिवशी मीही गेले होते. सासूबाईंचं कपाट दादानं नेलं, भांडी बेबीनं. खणात सासूबाईंच्या तीन जुन्या कवळ्या निघाल्या. कोणी कोणाकडे बघेना. कवळीवर हक्क कोण सांगणार? वहिनीनं त्या रुमालात बांधल्या. दादा जाताना "सांभाळून राहा," एवढंच म्हणाला, आणि तिनं "तुम्हीपण" म्हटलं.

पाचव्या हिश्श्यात घर येत नाही. ती रक्कम आणि बँकेचं कर्ज मिळून तिनं लॅबपासून दोन बस-थांब्यांवर एक खोली घेतली, चौथ्या मजल्यावर. कर्ज निवृत्तीपर्यंत पुरणार. आता मालकांकडे पगारवाढही तिनं स्वतःहून मागितली, आणि मालकांना तो धक्का पचायला थोडा वेळ लागला. खोलीत ऊन भरपूर येतं. पंखा दिवसभर चालू असतो आणि बंद कर म्हणायला कोणी नाही. "पहिले काही महिने मीच उठून बंद करायचे," ती म्हणाली, "आणि मग घामाघूम होऊन बसायचे." मी तिला विचारलं होतं, मिळालं ते बरोबर वाटतं का? "कमीच मिळालं," ती लगेच म्हणाली. "पण दादाचं ऐकल्यावर जास्त कसं मागणार?" ह्या दोन वाक्यांपैकी तिला कुठलं जास्त खरं वाटतं, ते अजून तिचंच ठरलेलं नाही. दिवसाप्रमाणे बदलतं.

बेबी सुट्टीत येऊन राहते. दादा येत नाही. पण मागच्या महिन्यात त्याच्या बायकोचा फोन आला. तिच्या आईची कवळी सैल झाली होती, तिकडचे डॉक्टर नवीच करा म्हणत होते. ती फार अवघडून बोलत होती. वहिनीनं तिला सगळं नीट विचारलं, आतून नवा थर भरून घेता येईल म्हणून सांगितलं, आणि कवळी कुरिअरनं मागवून स्वतः करून पाठवली. आता त्यांचा अधूनमधून फोन होतो. एकमेकींना काय म्हणायचं हा प्रश्न मात्र सुटत नाही. ताई म्हणावं तर तसं नातं नाही, नावानं हाक मारायला धीर होत नाही. म्हणून दोघी एकमेकींना नुसतं "अहो" म्हणतात.

"नवऱ्याला म्हणायचो तेच," वहिनी म्हणाली, आणि मेणातला पुढचा दात सरळ बसलाय का ते एक डोळा मिटून बघायला लागली.